माउंटन बाईकचा शर्यतीचा हंगाम: ऑक्टोबर ते मार्च, खास मराठवाड्यासाठी

बालाघाट२९

परतीचा पाऊस थांबला की रविवारच्या शर्यतींचे मेसेज फिरायला लागतात आणि हंगामाचं गणित तिथंच चुकतं. पावसाळाभर सायकल भिंतीला टेकलेली, आणि ऑक्टोबरात चार रविवारांत तीन शर्यती. पहिल्या दोन बऱ्या जातात, कारण अंग ताजं असतं. डिसेंबर उजाडेपर्यंत तोच माणूस पहिल्याच चढाला मागं पडतो आणि खापर टायरवर फुटतं.

ऐन भरातला फॉर्म दोन, फार तर तीन आठवडे टिकतो. ऑक्टोबर ते मार्च तो ताणता येत नाही. म्हणून मोठ्या शर्यती दोनच धरा, एक डिसेंबरच्या आसपास आणि एक फेब्रुवारीत. बाकीच्या सरावाच्या, तिथं नंबर मोजायचा नाही. पहिली मोठी शर्यत झाली की ७ ते १० दिवस सायकल फक्त भाजी आणायला. मग चार आठवडे पुन्हा पायाभरणी (दम वाढवायचा सराव), आणि त्यानंतर जोर.

पायाभरणी जून ते सप्टेंबर. पाऊस असला तरी डांबरी रस्ता आहे, ट्रेनर आहे, म्हणजे घरात सायकल बसवून जागच्या जागी चालवायचं विजेवरचं यंत्र (भारनियमन नसेल तेव्हा). तीन आठवडे भार वाढवायचा, चौथ्यात निम्म्यावर आणायचा. ऑलिंपिक प्रकारच्या क्रॉसकंट्रीत ४ ते ६ किमीची फेरी असते आणि एलिट पुरुषांची शर्यत साधारण दीड तासात संपते. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं दम कोंडेपर्यंत जोर लावावा लागतो, कारण पहिल्या अरुंद वाटेत जो पुढं घुसला त्याच्या मागं सगळी रांग अडकते. त्यामुळे सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा ४ मिनिटांचे ४ चढ, मध्ये ४ मिनिटं हलकं. शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० सेकंद जोर, ३० सेकंद सैल, असे १० फेरे.

टायर, गिअर, खाणंपिणं यावर जाणकारांनी भर घालावी. अनुभवकथन नको, आकडे आणि कारणं लिहा.

मांजराकाठ

चांगला धागा काढलात. वाचनखूण साठवली.

आमच्याकडं लातूरला दर रविवारी पंक्चर व्हायलेत बगा, ट्यूबलेस करूनबी. सीलंट (टायरमधलं भोक बुजवायचं द्रव) टाकून तीनच महिने झालेत. काय चुकायलं?

सराटेवाला

तीन महिने हेच चुकायलं. बाटलीवर दोन ते सहा महिने लिहिलेलं असतं ते थंड हवेच्या देशांसाठी. आपल्याकडं सीलंटमधलं पाणी लवकर उडतं आणि आत रबराची पातळ साय तेवढी उरते. ऑक्टोबर हीटमध्ये दर चार ते सहा आठवड्यांनी बघा.

बघायला टायर काढायची गरज नाही. व्हॉल्व्ह वर ठेवून हवा सोडा, कोर (व्हॉल्व्हच्या आतली सुई) काढा, मग चाक फिरवून व्हॉल्व्ह सगळ्यात खाली आणा. पाच मिनिटं थांबा, म्हणजे सीलंट तळाला जमा होतं. आता केरसुणीची एक काडी व्हॉल्व्हमधून टायरच्या तळापर्यंत घाला. काडीचं टोक ओलं निघालं तर आहे, कोरडं किंवा चिकट दोरा आला तर संपलं. २९ इंची, २.२५ इंच रुंद टायरला १०० ते १२० मिली लागतं. दुकानात ६० मिली घालून देतात, तेवढं नव्या टायरची आतली बाजू ओली करण्यातच जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. सराट्याची वेल पावसात हिरवी असते, तेव्हा काटा मऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेल वाळते, काटे टणक होऊन वाटेवर सुटे पडतात, म्हणजे नेमके शर्यतींच्या तोंडावर. बांधाच्या कडेनं आणि गुरांच्या वाटेनं जास्त. शर्यतीच्या आदल्या दिवशी रूट बघून आल्यावर टायरमध्ये पाच-सहा सराटे दिसतातच. मैदानात उभं राहून सगळे एकदम उपसू नका. एक काढा, ते भोक खाली करा, चाक फिरवा, बुडबुडे थांबले की दुसरा.

वेड्या बाभळीचा काटा वेगळा. तो लांब असतो, तळातून शिरून रिमची टेपसुद्धा फोडतो. टेप फुटली तर हवा स्पोकच्या भोकांतून जाते आणि माणूस टायरवर भोक शोधत बसतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा स्पोकच्या निपलपाशी साबणाचं पाणी लावून बघा, फेस आला तर टेप बदला.

खडीमुरूम

+१. वाटेत हवा भरायच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसाबद्दल एक भर. पुष्कळ लॅटेक्स सीलंट त्या थंड वायूनं गोळा होतात. भरताना व्हॉल्व्ह वर ठेवा, आणि घरी गेल्यावर तो वायू सोडून साध्या पंपानं हवा भरा. २.२५ टायरला १६ ग्रॅमचं एक काडतूस शर्यत संपवण्यापुरतं पुरतं. प्लग (भोकात ठासायची रबरी पट्टी) आधी, हवा नंतर. घाईत उलटं करणारे खूप आहेत.

हवेचा दाब: ६५ किलोच्या माणसाला, रिम आतून २५ ते ३० मिमी रुंद असेल तर पुढं १९-२०, मागं २१-२२ पीएसआय. आपला दगड बेसॉल्टचा, फुटला की कडा धारदार. खडी उघडी पडलेल्या टेकडीवर मागच्या चाकात एक-दीड पीएसआय जास्त ठेवा. रिम दगडावर टेकल्याचा ठक्क आवाज एका फेरीत दोनदा आला तर दाब कमी आहे.

आणि दाब भरायची वेळ बघा. डिसेंबरात पहाटे १५ अंशांत २० पीएसआय भरलं आणि दुपारी टायर ३५ अंशांवर गेलं, तर काही न करता दाब अडीच पीएसआयनं वाढतो. सकाळी बरोबर वाटलेली सायकल दुपारी सुट्या मुरमावर घसरते ती यामुळे. पंपावरचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नाही, छोटा डिजिटल गेज घ्या.

देवगिरीचढ

दाबाबद्दल थोडी असहमती. हार्डटेलवर (मागं सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) ६५ किलोला मागं २२ कमी पडतात. पार्श्वभाग उचलून चालवणाऱ्याला चालतील, बसून पायडल मारणाऱ्याला नाही. नवख्यांनी २४ पासून सुरुवात करावी आणि एकेक कमी करत यावं.

खडीमुरूम

मान्य. आकडे हार्डटेलचे असते तर मीही २४ लिहिले असते, फुल सस्पेन्शनचे होते. लिहायचं राहिलं.

मांजराकाठ

सीलंटचं समजलं. आता गिअर. मधल्या दातांवर चेन सारखी उड्या मारायली. मेकॅनिक म्हणतो केबल ताणा. ताणली तर दुसरीकडं उडायली.

पानापेंचिस

सायकल पडली होती का उजव्या बाजूला? बहुधा हँगर वाकलाय. हँगर म्हणजे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जिथं बसतो ती ॲल्युमिनियमची पट्टी. ती मऊच करतात, कारण फ्रेम वाचवायला ती वाकावी लागते. सायकलच्या मागं उकिडवं बसून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या आणि वरचं दातेरी चक्र एका सरळ रेषेत दिसायला हवेत. खालची चक्री आत झुकलेली दिसली तर केबल कितीही ताणा, कुठला तरी गिअर उडणारच. १२ गिअरमध्ये दातेरी चक्रांमधलं अंतर इतकं कमी असतं की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा वाकही पुरतो, म्हणून शंका आली तर हँगरचा वाक मोजायचं गेज लावूनच बघायचं.

हँगर दर फ्रेमचा वेगळा. जिल्ह्याच्या दुकानात आयत्या वेळी मिळेल ही आशा सोडा. हंगामाच्या आधी दोन मागवा, एक सायकलच्या पिशवीत कायम. आणि मेकॅनिकला लिमिट स्क्रूला (डिरेलर किती सरकेल ते ठरवणारा) हात लावू देऊ नका. तो स्क्रू एकदा बसवला की आपोआप हलत नाही, मग बिघाड तिथं शोधायचा कशाला?

हँगर सरळ निघाला तर चेन मोजा. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यापासून १२ इंच मोजा. नवी चेन बरोबर पिनेवर येते. दीड मिलिमीटर पुढं गेली असेल तर ०.५ टक्का झिजली, ११-१२ गिअरची चेन तिथंच बदलायची. पुढं रेटली की कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) खाते, आणि मग नवी चेन जुन्या कॅसेटवर उडते. तेव्हा लोक नव्या चेनला शिव्या देतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी नवी चेन घालू नका, निदान ५० किमी आधी चालवा.

ऊसपट्ट्यात आणखी एक भानगड. गाळप सुरू झालं की ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या खोल होतात, त्यात पायडल आपटतं आणि क्रँकचे (पायडलच्या दांड्याचे) बोल्ट ढिले पडतात. दर दोन राईडनंतर टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) लावा. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ५ न्यूटन-मीटर, सहा बोल्टची रोटर (ब्रेकची डिस्क) असेल तर टी२५ मापाच्या पान्यानं सुमारे ६. "हातानं कळतं" म्हणणाऱ्यांच्याच कार्बन हँडलला चीर जाते.

टेकडीवरची

काळ्या मातीबद्दल कुणीच बोललं नाही?

पानापेंचिस

काळ्या मातीला उत्तर नाही, पळवाटा आहेत. भर पावसात ती पातळ असते, चाक जातं. पाऊस थांबून दोन-चार तास झाले की ती कणकेसारखी होते. दहा फुटांत फोर्क आणि टायरमधली जागा भरते, चाक फिरायचंच थांबतं. त्या अवस्थेत पायडल मारलं तर चेन फ्रेम आणि पुढच्या दातेरी चक्रामध्ये अडकते आणि हँगर तुटतो. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, बांधाच्या गवतावरून चाला. पळणाऱ्याचा वेळ सायकल ढकलणाऱ्यापेक्षा कमीच लागतो.

शर्यत अशा दिवशी आली तर २.३५ काढून २.१ टायर, जागा वाढते. फ्रेमच्या खालच्या नळीला आणि फोर्कच्या आत सिलिकॉन स्प्रे मारा, माती लवकर सुटते. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा एक थेंबही नको, तेवढ्यासाठी चाकं काढूनच मारा.

धुताना मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. तो फवारा हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो. वाळलेली माती बादलीभर पाणी आणि जुन्या ब्रशनं निघते, फक्त आधी अर्धा तास भिजवा.

देवगिरीचढ

ब्रेक मीच लिहितो. रेझिन पॅड शांत आणि सुरुवातीपासून पकडतात, पण चिखलात वाळूसारखे झिजतात, एका ओल्या शर्यतीत संपलेले असू शकतात. मेटल पॅड टिकतात, उष्णता सोसतात, आवाज करतात. रोटरवर फक्त रेझिन असं कोरलेलं असेल तर मेटल घालायचे नाहीत, रोटर मऊ पोलादाची असते. शिमानोच्या पॅडचा घर्षणाचा थर अर्धा मिमी उरला की बदला, आणि रोटर १.५ मिमीवर आली की तीही.

नवे पॅड घालून थेट उतारावर जाऊ नका. सपाट रस्त्यावर २० च्या वेगावरून २० वेळा हळूहळू जवळजवळ थांबेपर्यंत, मग ३० वरून १० वेळा जोरात. चाक पूर्ण लॉक करायचं नाही. हे न करता म्हैसमाळचा घाट उतरलात तर पॅड चकाकतात आणि किंचाळतात.

मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट (मोटारींचं ब्रेक ऑइल) घालणारे मेकॅनिक अजून आहेत. सील फुगतात, लिव्हर परत येत नाही. बाटली स्वतः वाचा.

फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांना. आपल्या धुळीत लवकरच. १०० मिमीच्या फोर्कला सॅग (सायकलवर बसल्यावर फोर्क जितका दबतो ते) १५ ते २० मिमी.

टेकडीवरची

खाण्यापिण्यावर लिहिते. दीड तासाच्या शर्यतीत ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात, मॅरेथॉनला (लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीला) ९० पर्यंत, पण त्याची पोटाला दोन महिने आधीपासून सवय लावावी लागते. घरचं मिश्रण: ७५० मिलीच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू. साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज, आतड्यात दोघांची वाट वेगळी, म्हणून जास्त शोषली जाते. ४५ ग्रॅम म्हणजे सपाट दहा-अकरा चमचे, वजनकाट्यावर एकदा मोजा. मीठ पाव चमच्यापेक्षा कमी. ताशी उरलेले १५ ग्रॅम जेलमधून (शर्यतीत घ्यायचा गोड घट्ट पाक) किंवा अर्ध्याहून थोड्या जास्त केळ्यातून.

शेंगदाण्याची चिक्की शर्यतीत नको. त्यातलं तेल पोटात बसून राहतं. आधी दोन-तीन तास चालेल. राजगिऱ्याची वडी बरी, पण कोरड्या तोंडात चिकटते. आदल्या रात्री ठेचा-भाकरी, मटकी, हरभऱ्याची उसळ टाळा. भात आणि पातळ वरण, त्यावर तूप कमी.

मांजराकाठ

ओआरएसचं पाकीट घातलं तर चालंल का?

टेकडीवरची

तहान आणि मीठ भागेल, ताकद मिळणार नाही. ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, ते जुलाबासाठी बनवलंय. मार्चच्या उन्हात शर्यत संपल्यावर प्या. शर्यतीत घ्यायचं तर बरोबर जेल लागेल.

उन्हाची सवय हा वेगळा भाग. शरीराला १० ते १४ दिवस लागतात. पहाटे पाचलाच सराव करणाऱ्याला सकाळी ११ ची शर्यत मारते. शर्यतीच्या दोन आठवडे आधी आठवड्यातून तीन-चारदा हलकी राईड दहा-अकराच्या उन्हात करा, एक तास पुरे. वॉर्मअप मात्र सावलीत, मानेवर ओला पंचा.

बालाघाट२९

मेहनत करूनही उतरती कळा लागते, त्यावर. सकाळी उठताच नाडी मोजायची सवय ठेवा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग तीन दिवस, आणि सरावात मात्र ठोके वर चढतच नाहीत, पाय जड: ही जास्त ताणाची खूण. इथं आणखी मेहनत हे औषध नव्हे. चार-पाच दिवस पूर्ण बंद. तरी महिनाभर तसंच राहिलं तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, विशेषतः शाकाहारी मुलं आणि मुली. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, जास्त लोहही अपायच करतं.

मोठ्या शर्यतीआधीचे ७ ते १० दिवस अंतर निम्मं करा, जोराचे छोटे तुकडे तसेच ठेवा. लोक उलटं करतात: जोर बंद, अंतर तेवढंच. मग शर्यतीच्या सुरुवातीला पाय झोपलेले.

नियमावली

ज्या चुकांनी हंगामाचे गुण जातात, त्या बहुतेक कागदावरच्या.

वय वर्षावर धरतात, वाढदिवसावर नाही. शर्यतीचं वर्ष वजा जन्मवर्ष. १७-१८ ज्युनिअर, १९ ते २२ अंडर-२३. आपला हंगाम वर्ष ओलांडतो, त्यामुळे डिसेंबरात ज्युनिअरच्या शेवटच्या वर्षात असलेला मुलगा १ जानेवारीला अंडर-२३ होतो आणि फेऱ्या वाढतात. त्याच्या फेब्रुवारीच्या निकालावर नाराज होण्याआधी हे आठवा. सरावात शर्यतीची लांबी डिसेंबरपासूनच वाढवा.

८० टक्क्यांचा नियम: पहिल्याची पहिली फेरी १५ मिनिटांची असेल तर त्याच्यापेक्षा १२ मिनिटं मागं पडलेल्याला बाहेर काढतात. मागच्या गटात असाल तर पहिल्या फेरीत बिघाड झाल्यावर हा हिशोब डोक्यात असू द्या.

बाहेरची मदत फक्त फीड आणि टेक्निकल झोनमध्ये (खाणंपिणं आणि दुरुस्तीसाठी नेमून दिलेल्या जागेत). तिथं चाक बदलता येतं, सायकल बदलता येत नाही. झोनच्या बाहेर मित्रानं पंप दिला तरी बाद. म्हणून पंक्चर झालं की दोनच प्रश्न: झोन किती लांब आणि टायरमध्ये हवा किती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, झोनमध्ये चाक बदलून तो मागून येऊन सुवर्ण घेऊन गेला. घाबरून रिमवर पळवत नेलं असतं तर चाक आणि शर्यत दोन्ही गेलं असतं.

रूट बघणं म्हणजे एकदा फिरून येणं नव्हे. शर्यतीच्या सकाळी कठीण जागा पुन्हा पायी बघा. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पोल सरावात असलेली उतरायची फळी अजून आहे असं धरून उडाला आणि आपटला. आपल्याकडं फळी नसते, पण रात्रीतून कुणी शेतकरी पाणी सोडतो, चर मारतो किंवा काट्याची फांदी वाटेवर टाकतो, आणि ते त्याचं रान असतं.

खडीमुरूम

शेवटच्या वाक्याला दहा वेळा +१. रब्बीची ज्वारी उभी असताना बांधावरून टायर गेला की पुढच्या वर्षी तो रूट मिळत नाही.

सरावाच्या जागांबद्दल: संभाजीनगरला गोगाबाबा टेकडी छोट्या तीव्र चढांना उत्तम, फक्त सकाळी सात ते नऊ फिरायला येणाऱ्यांचं राज्य असतं, तेव्हा उतार जोरात मारू नका. लांब चढाला खुलताबादहून म्हैसमाळ. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट रस्त्यावरच्या ताकदीसाठी आहे, पण ट्रक बघा. गौताळा आणि येडशी रामलिंग ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं सायकल घालू नका, नाहीतर सगळ्यांनाच बंदी.

मांजराकाठ

हँगरच वाकडा निघाला. धन्यवाद पानापेंचिस. आता मार्चनंतर दोघं पोरं हिमाचलला जायलेत शर्यतीला. नांदेडहून रेल्वेनं सायकल कशी न्यावी?

पानापेंचिस

सचखंड एक्स्प्रेस अंबाल्यावरून जाते, गाडी बदलावी लागत नाही तिथपर्यंत. सायकल पार्सल कार्यालयात गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी द्या. खोक्यात भरताना मागचा डिरेलर हँगरवरून सोडा, बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा. चाकं काढली की ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा ठोकळा घाला. कुणी चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिथं पोचल्यावर चाक बसत नाही. ठोकळा नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी. रोटर काढून पुठ्ठ्यांच्या मध्ये, बोल्ट त्याच पिशवीत. फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा कापून अडकवा, वरून वजन पडलं तर पाय आत दबत नाहीत.

सीलंटची बाटली खोक्यात ठेवू नका. वरून अर्धी पोती पडली की फुटते, आणि ती रोटरच्या पिशवीवरच फुटते.